कानात राहणारी

"दोन तामाल द्या, हिरव्या मिरचीचे... आणि आतोले गरम असेल तरच!"

एवढंच बोलले होते मी, स्टुडिओच्या फाटकाशेजारच्या, मक्याचे वाफवलेले तामाल विकणाऱ्या टपरीवर. रांगेतला पुढचा उंच माणूस गर्रकन वळला. पेल्यातलं मक्याचं दाट, गोड आतोले त्याच्याच बुटावर सांडलं.

"हा आवाज," तो म्हणाला, "माझ्या कानात राहतो!"

"राहतो खरा. भाडं देत नाही," मी म्हटलं.

तो एलिसेओ. 'गच्चीवरचे शेजारी' या विनोदी मालिकेतला गॅसवाला. मी तिथली नवी प्रॉम्प्टर, ओतिलिया. तेव्हा मेक्सिकोत मालिकांचे नट पाठांतराच्या फंदात पडत नसत. त्यांच्या कानात एवढंसं यंत्र असायचं. वरच्या खोलीत काळ्या काचेआड बसून मी वाक्य सांगायची, की ते खाली बोलायचे. त्यामुळे आठवडाभर त्यानं मला ऐकलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं.

पहिली दोन पर्वं मालिका नुसती रखडली. "लोक मयतीला याहून जास्त हसतात," असं आमचे दिग्दर्शक बासुर्तो म्हणायचे. तिसऱ्या पर्वात मी आले, आणि माझी खोड अशी की विनोद सांगण्याआधी मलाच हसू फुटायचं. ते हसू एलिसेओच्या कानात जायचं. त्याच्या ओठांचा कोपरा हलायचा, तो क्षणभर थांबायचा... आणि मग बोलायचा. त्या थांबण्यावर लोक लोळायचे! पावसाळा लागेपर्यंत मंगळवारी संध्याकाळी मालिका लागली की आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसेना.

टपरीवर मात्र आम्ही रोज भेटायचो. एकदा तो म्हणाला, "व्हेनेझुएलातून बोलावणं आलंय, कराकसहून. तिथल्या मालिकेत हिरोचं काम आहे. मिशी ठेवायची आणि रडायचं."

"शोभेल तुला."

"मिशी?"

"रडणं."

तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मी पेल्यात चमचा फिरवत बसले... साखर केव्हाच विरघळली होती.

पर्वाचा शेवटचा भाग आला. एलिसेओ कराकसला जाणार, म्हणून गॅसवाला गच्चीचा निरोप घेतो, असा प्रसंग. कागदावर वाक्य होतं, 'येतो मी, सांभाळून राहा.' मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं,

"एलिसेओ... जाऊ नकोस."

नटाची जीभ कानाची गुलाम. समोर कॅमेरा, स्टुडिओत बसलेले प्रेक्षक; त्यानं छातीवर हात ठेवला आणि काळजातून म्हणाला,

"एलिसेओ... जाऊ नकोस!"

"कट!" बासुर्तो किंचाळले. "एलिसेओ कोण? गॅसवाला स्वतःलाच अडवतोय का?"

प्रेक्षक खदखदून हसले. शेजारणीच्या भूमिकेतल्या म्हाताऱ्या एर्लिंदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्याही कानात मीच होते ना! त्यांनी हळूच वर काचेकडे पाहिलं. मग त्यानंही पाहिलं...

"पुढचं वाक्य?" त्यानं विचारलं.

"पुढचं... नाहीये," मी म्हटलं.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडलं. धापा टाकत त्यानं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"आता सांग. तोंडावर सांग."

"खाली लोक खोळंबलेत—"

"मीही खोळंबलोय, ओतिलिया. बुटावर सांडलं त्या दिवसापासून."

या खेपेला हसू काही आलं नाही. "जाऊ नकोस," मी म्हटलं.

"नाही जात."

माझा माइक चालूच होता, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. खालून एर्लिंदाबाई ओरडल्या,

"अरे, मग खाली या की पोरांनो! माझे गुडघे दुखायला लागलेत!"

आम्ही हातात हात घेऊन जिना उतरलो, अगदी सावकाश.