वर पडणारं घर

घर पडतं ते खालीच पडतं. छप्पर बसतं, भिंत ढासळते आणि सगळा पसारा जमिनीवर येतो. एखादं घर वर पडल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. म्हणून पारखीनं कनक चौगुलेचं मॉडेल चारी बाजूंनी न्याहाळून "हे घर वर पडेल," असं जाहीर केलं, तेव्हा आठवीचा अख्खा वर्ग खो खो हसला. कनक तेवढी हसली नाही.

पारखी हा इचलकरंजीच्या त्या शाळेतला यंत्रमानव. मुलांनी केलेली मॉडेलं तपासणं हे त्याचं काम. त्याचं बोलणं पुस्तकी होतं आणि थट्टा करायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा तो म्हणतोय त्यात तथ्य असणार, हे कनकला कळलं.

नुसत्या बक्षिसाचा प्रश्न असता तर तिनं मनावर घेतलं नसतं. पण हे घर तिच्या आईचं होतं. आई स्थापत्य अभियंता (इमारती आणि पूल बांधण्याचं शास्त्र शिकलेली). चंद्रावर पहिली वस्ती उभारणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली होती आणि सरावासाठी ती कधीच घराबाहेर पडली होती. तुकडीतल्या माणसांच्या मुलांना घराचं मॉडेल करायची मुभा होती. जे मॉडेल निर्वात पेटीत (आतली हवा काढून घेता येते अशा पेटीत) टिकेल, त्या आकाराचं घर चंद्रावरची यंत्रं बांधणार होती. नाही टिकलं, तर आईनं तिथला सगळा मुक्काम यानाच्या पत्र्याच्या डब्यात काढायचा. हे कनकला मुळीच मान्य नव्हतं.

तिनं प्लास्टरचं छान चौकोनी घर केलं होतं. वर सपाट गच्ची, बाजूला कट्टा आणि आत एक खास कोपरा. त्यांच्या घरात कपाटाशेजारी असा एक कोपरा होता. मायलेकींपैकी जी रुसेल तिनं तिथं जाऊन बसायचं आणि दुसरीनं येऊन समजूत काढायची, असा रिवाज होता. चंद्रावर माणूस रुसणारच नाही असं थोडंच आहे?

घराची मजबुती तिनं आईच्याच पद्धतीनं तपासली होती. स्लॅब पडला की आई त्यावर वजन ठेवून पाहायची. कनकनं गच्चीवर आधी खलबत्ता ठेवला, मग पाटा, आणि शेवटी बाबांनाच बसवलं. बाबांचे यंत्रमाग होते आणि माणूस चांगला आडवा होता. पारखीचं म्हणणं ऐकून तेच जास्त चिडले.

"अगं, मी वर बसलो तरी हललं न्हाई ते. आनि वर पडतंय म्हनं!"

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बिरनाळे सरांनी मॉडेलची दारंखिडक्या पक्की बंद करून ते निर्वात पेटीत ठेवलं. पंप सुरू झाला. पेटीतली हवा बाहेर जाऊ लागली, घरातली मात्र आतच कोंडलेली राहिली. थोड्या वेळानं एका कोपऱ्यात बारीक रेघ उमटली. मग फाटकन आवाज झाला. गच्ची उडून पेटीच्या झाकणावर आपटली आणि भिंती चार दिशांना पसरल्या.

घर खरोखरच वर पडलं होतं. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

कनकचे डोळे भरून आले, पण तिनं रडण्याआधी प्रश्न विचारला. बाबांचं वजन पेललेलं घर नुसत्या हवेनं कसं फुटलं?

पारखीनं तिला पायाखालची फरशी दाखवली. या एका फरशीवर हवेचा जो दाब (रेटा) असतो, तो तिच्यावर एक छोटी मोटार उभी करण्याइतका असतो, असं तो म्हणाला. पृथ्वीवर तो आपल्याला जाणवत नाही, कारण घराच्या आत हवा असते तशी बाहेरही असते. दोन्हीकडून सारखाच रेटा, म्हणून भिंत मधे निवांत उभी. चंद्रावर बाहेर हवाच नाही. आतली हवा भिंतींना आणि छपराला बाहेर ढकलते आणि तिला अडवायला पलीकडे कुणी नसतं. शिवाय तिथं प्रत्येक वस्तूचं वजन इथल्या सहाव्या हिश्शाइतकंच भरतं. म्हणजे छप्पर स्वतःच्या वजनानं खाली राहील, ही आशाही सोडायची.

"पृथ्वीवरच्या घराला उभं राहायचं असतं," पारखी म्हणाला. "चंद्रावरच्या घराला फुटायचं नसतं."

कनक घरी आली ती थेट कोपऱ्यात जाऊन बसली. समजूत काढायला आई नव्हती. बाबांनी उशी आणून दिली आणि ते मागावर निघून गेले. कनकनं रागारागानं ती उशी दाबली, गुद्दे मारले, वर नेम धरून एक लाथही घातली. उशीला काही झालं नाही. तेवढ्यात तिला वाटलं, या अभ्र्याला तर चार कोपरे आहेत, आणि तरी कापूस ठासून भरला की उशीचं पोट गोल कसं होतं?

ती उठली. एका खोक्यात तिनं फुगा ठेवला आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. खोक्याच्या भिंती पोट काढून बाहेर आल्या आणि नेमक्या कोपऱ्यांवर फाटल्या. मग फुगा अभ्र्यात घालून तोंड बांधलं आणि पुन्हा हवा भरली. अभ्रा गोल झाला, टणक झाला, पण फाटला नाही.

सकाळी तिनं हे पारखीला सांगितलं. त्यानं वर्गातल्या मुलींना मैदानात फेर धरायला लावला आणि हात न सोडता मागं रेलायला सांगितलं. फुगडीत रेलतात तसं. सगळ्या रेलल्या. कुणीच पडलं नाही, कारण प्रत्येकीला दोन्हीकडून सारखीच ओढ होती. या ओढीला म्हणतात ताण. मग त्यानं कनकला विचारलं, "या फेरात एक मुलगी प्लास्टरची असती तर?"

कनकला लख्ख दिसलं. प्लास्टर, वीट, काँक्रीट ही मंडळी दाबलं तर खुशाल सोसतात, पण ओढलं की तडकतात. कापडाचं उलटं. साडी नुसती उभी केली तर कोसळेल, पण तिचीच झोळी बांधली तर बाळ सुखानं झोपतं. चंद्रावरचं घर ओढलं जाणार, मग ते ओढ सोसणाऱ्या वस्तूचंच हवं. आणि आकार गोल हवा, म्हणजे ताण सगळीकडे सारखा वाटला जाईल. चौकोनात भिंत बाहेर वाकते आणि सगळा जोर कोपऱ्यावर येतो.

इचलकरंजीत कापडाला काय तोटा? बाबांनी जाड सुताचा पट्टा विणून दिला. कनकनं दुहेरी शिवण घालून गोल पिशवी शिवली आणि हवा झिरपू नये म्हणून आत रबराचं अस्तर लावलं. वरून मातीच्या छोट्या पुरचुंड्या रचल्या. चंद्रावर अवकाशातले घातक किरण आणि बारीक दगड येतात, ते अडवायला. वजन पेलायचं काम मातीचं नव्हतंच.

कोपरा मात्र गेला. कात्री चालवताना तिला त्याचं फार वाईट वाटलं.

पंप पुन्हा सुरू झाला. पिशवी फुगली, शिवणी करकरल्या, बघायला आलेल्या बाबांनी डोळे मिटून घेतले. पेटीतली हवा संपली, दाबाचा काटा शून्याजवळ जाऊन थांबला. घर जागच्या जागी होतं.

वर्ष उलटलं. एका संध्याकाळी चंद्रावरून आई पडद्यावर आली. मागं गोल भिंत होती, शिवणी दुहेरी होत्या. आवाज यायला जरा वेळ लागत होता, म्हणून दोघी एकमेकींसाठी थांबून बोलत होत्या. घर झकास आहे, असं आईनं सांगितलं. तक्रार फक्त एकच.

"काल माझं एकीशी भांडण झालं. रुसून बसायला उठले, तर कोपराच सापडेना. गोल गोल फिरले आणि परत तिच्याच शेजारी येऊन बसले."

कनक हसली. मग तिनं विचारलं, "मी तिथं आले आणि रुसले, तर कुठं बसायचं?"

प्रश्न चंद्रावर पोचेपर्यंत पडद्यावर आईचा चेहरा तसाच राहिला. मग तो हळूहळू फुलला.

"तू ये तर खरी," आई म्हणाली. "तोवर मी कोपरा रिकामाच ठेवलाय, आपल्या घरातला. बाबांना बसू देऊ नकोस."

कनकनं मागं वळून पाहिलं. कपाटाशेजारच्या कोपऱ्यात बाबा कधीचे जाऊन बसले होते आणि नाक पुसत होते.