मागची सीट

रुग्णालयाच्या फाटकाबाहेर तिनं गिअर टाकला, गाडीखाली 'धाड्' झालं आणि मागच्या सीटवर आडवी झालेली आई कळवळली. आईचं दुखणं हाडांचं. एवढासा हिसकाही जीव घेई.

"इंजिनाचे माउंट गेलेत, खालचे रबरी आधार," खिडकीशी एक तरुण म्हणाला. कोपरापर्यंत ग्रीस.

"तुम्हाला विचारलं कोणी?"

"गाडीनं. केव्हाची ओरडतेय बिचारी... समोरच माझं गॅरेज आहे."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. त्यानं बॉनेट उघडलं.

"ब्रेक दाबून ठेवा, पहिला गिअर टाका, क्लच अगदी हळू सोडा — आणि गाडी माझ्या अंगावर घालू नका, लग्न व्हायचंय माझं."

"घातली तर एक मुलगी वाचेल."

किती महिन्यांनी तिला थट्टा सुचली! बॉनेटच्या फटीतून त्याचे नुसते डोळे दिसत होते, हसणारे. तेवढ्यात इंजिन टुणकन उसळलं.

"बघा. रबर पार फाटलंय. गिअरबॉक्सखालचंही."

नवे माउंट बसवून झाल्यावर मात्र तो मागचं दार उघडून चक्क आडवा झाला.

"हे काय?"

"आई अशाच असतात ना? बसून नाही कळत. चालवा."

दोनदा तो "अजून लागतंय" म्हणत गाडीखाली शिरला; त्यानं बोल्ट सैल करून इंजिन नीट बसू दिलं, पुन्हा आवळले. तिसऱ्या फेरीत मागून चकार शब्द नाही. तिनं आरशात पाहिलं, तर पठ्ठ्या डोळे मिटून निवांत. तिथंच ती त्याच्या प्रेमात पडली. उगाच आढेवेढे कशाला?

त्यानंतर आई त्या सीटवरून चारदाच गेली. चौथ्यांदा वाटेत तिचा डोळा लागला होता. मग आठवडाभरात ती गेलीच.

महिन्यानं गाडी पुन्हा गॅरेजसमोर उभी राहिली.

"आवाज येतोय," ती म्हणाली.

त्यानं तपासलं. इंजिन जागचं हललं नाही.

"कसलाच आवाज नाही..." तो म्हणाला आणि तिचा चेहरा पाहून थांबला.

"आई गेली."

त्यानं हात पुसले. "तरी... एक फेरी मारू," म्हणत सवयीनं त्यानं मागचं दार उघडलं. आईची उशी तशीच होती.

"मागे नको," ती रडत म्हणाली. "घरी एकटीला जाववत नाही मला. आणि... तुम्ही मला आवडता. पुढे बसा."

त्यानं मागचं दार अगदी हळू लावलं आणि पुढे येऊन बसला.