अतुल नावाची हाक

सम्यक, तो मोबाईल खाली ठेव. ऐकायचं नसेल तर मी झोपतो. हे ऐकीव नाय, माझ्या मावसभावाच्या पोराचं, कचरूचं हाय.

वेरूळच्या मागं डोंगरात एक व्हिला झालाय. आपल्या खडकात बाभळीबिगर काय उगवतं? पण मालकानं केळी, नारळ, बांबू ट्रकनं आणून लावले आन् टँकरनं जगवले. म्हणं जंगल! कचरू तिथं राखणीला होता. गेल्या पौषातली अमावास्या. दिवस मावळताना मालकानं त्याला पाहुण्यांसाठी कोळसा आणायला वेरूळला धाडलं.

पण त्याच्या आधीचं ऐका. मालकाला 'कचरू' नाव खटकलं. "पाहुण्यांपुढं कचरू म्हणून हाक मारू का रे?" म्हणाला, आन् त्याच्या छातीवर बिल्ला लावला. अतुल!

कचरूची माय केसरबाई ते नाव ऐकून रडायलाच लागली. कचरूच्या आधी तिला एक पोरगं झालं होतं. त्याचं नाव हौसेनं अतुल ठेवलं. ते तान्हंच गेलं. मग हा झाला तवा त्याला उकिरड्यावर लोळवलं, कचरू म्हटलं. कचरा कोण उचलतंय? मरणानंबी उचलू नये, म्हणून.

माय म्हणाली, "त्या नावाला ओ देऊ नको बाबा. ज्याचं हाय, त्यो देईल."

कचरूनं मालकाला किती वेळा सांगितलं, "हे माझ्या मेलेल्या भावाचं नाव हाय, दुसरं कोणतंबी द्या." मालक हसायचा. "बिल्ला छापून झालाय, आता काय करू?" असा संताप येतो ना! पालथ्या घड्यावर पाणी. आन् नोकरी सोडावी, तर मायच्या डोळ्याचं ऑपरेशन राहतंय. तिला धड दिसत नाय.

तर कोळसा घेऊन कचरू परत आला, तवा लाइट गेलेली. काळाकुट्ट अंधार. गच्चीवरून पाहुण्यानं हाक मारली.

"अतुल! ए अतुल!"

कचरू फाटकातच थांबला. लई चिडलेला. मनात म्हणाला, मर ओरडून, देतच नाय ओ.

"अतुल!"

केळीतून आवाज आला...

"ओ..."

कचरूचं तोंड मिटलेलं. आवाज त्याचाच.

"पाणी आण रे."

"ओ..."

पावलं वाजली. जिन्यावर. वर... मग पाहुण्याचा आवाज, "थँक्यू."

कचरूनं बिल्ला उपटला. पोहायच्या टाक्यात फेकला. आन् पळाला... रस्ता सोडून, डोंगरातनं... चुकला. भटकला.

उजाडताना घर गाठलं. माय उंबऱ्यात बसलेली.

"माय, भूक लागली."

"परत? रात्री येऊन जेवलास की."

कचरूनं आत चुलीकडं पाहिलं.

"चांगल्या दोन भाकरी खाल्ल्यास. पण काय झालं होतं रं तुला? कचरू म्हणून हाक मारली, तर 'ओ'. कालवण वाढू का विचारलं, तर 'ओ'. दुसरा सबुदच नाय."

कचरू आत गेला. चुलीपाशी उष्टं ताट होतं.

ताटाच्या कडेला बिल्ला. त्याच्यावरनं पाणी निथळत होतं.