बुधवारची निळी चिठ्ठी

पलंगावर, खुर्चीवर, खिडकीच्या कठड्यावर नुसते कागद पसरले होते. दप्तरी सकाळपासून ते तारखेप्रमाणे लावत बसला होता. एक्स-रे, औषधांचे कागद, रजेचे अर्ज. दोन महिन्यांपूर्वी पत्रा दाबणाऱ्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. सगळं डाव्या हाताने करायचं म्हणजे दहा मिनिटांच्या कामाला तास.

दप्तरी हे त्याचं कारखान्यातलं टोपणनाव. तिथे पाळीवर प्रत्येकाने मशीनची चिठ्ठी लिहायची: कधी सुरू, काय बिघडलं, कधी बंद. वरची प्रत फोरमनला, खालची निळी कार्बन प्रत आपल्याला. बाकीचे तिला तेलकट हात पुसायचे. हा पठ्ठ्या घरी आणून जपायचा. म्हातारपणी वाचत बसणार का, म्हणून सगळे टिंगल करत.

आता तीच रद्दी कामाला येणार होती. अपघाताच्या आधी सोमवारी आणि मंगळवारी त्याने लिहिलं होतं, ‘हाताआडची जाळी ढिली. कळवलं.’ हात प्रेसखाली जाऊ नये म्हणून पुढे लावलेली ती जाळी. फोरमन सरळ कानांवर हात ठेवत होता, वरच्या प्रती म्हणे सापडत नाहीत. शुक्रवारी सरकारी तपासनीस येणार होता. निळ्या प्रती पाहिल्या की तो त्या मशीनला सील ठोकेल, एवढीच दप्तरीची आशा होती. कारण तिथे आता त्याचा धाकटा भाऊ उभा होता, आणि त्या विचाराने दप्तरीची झोप उडाली होती.

“अहो, ह्या तीन कुठे ठेवू?” बायकोने विचारलं. “ह्या अलीकडच्या आहेत.”

“अलीकडच्या कशा असतील? मी घरी आहे ना.”

त्याने चिठ्ठ्या हातात घेतल्या. अक्षर त्याचंच होतं, उजवीकडे झुकलेलं, घाईतलं. गेल्या दोन महिन्यांत तसं एक अक्षरही त्याला काढता आलं नव्हतं. पहिलीवर तारीख परवाच्या सोमवारची. ‘हाताआडची जाळी ढिली. कळवलं.’ दुसरी कालची. तीच ओळ.

तिसरी आजची होती. ‘सुरू: सात.’ पुढे कोरी.

“धाकट्याने आणून टाकल्या असतील,” तो म्हणाला. स्वतःलाही ते पटलं नाही.

“भाऊजी महिन्याभरात इकडे फिरकलेत का? आणि आजची कशी आणतील?”

त्याने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वीस. पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं तर ‘बंद’च्या पुढे आकडा होता. अकरा चाळीस. त्याने अंगठा फिरवला. निळा रंग अंगठ्याला लागला, कार्बन आत्ताच दाबल्यासारखा.

त्याचा अपघातही बुधवारीच झाला होता. अकरा चाळीसला.

कामगारांचे फोन फाटकावर जमा करून घेत. त्याने तिथल्या पहारेकऱ्याला फोन लावला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

“मी दप्तरी. माझ्या धाकट्याला बोलवा. आत्ता!”

“पाळी चालू आहे, दादा. फोरमन माझ्यावर डाफरेल.”

“घरात कुणी गेलंय म्हणून सांगा. पाया पडतो तुमच्या.”

पहारेकरी गेला. बायको घड्याळ बघत राहिली. अकरा पस्तीस. छत्तीस. दप्तरीचा शर्ट पाठीला चिकटला. अकरा अडतीसला पलीकडून धापा ऐकू आल्या.

“दादा? कोण गेलं?”

“कुणी नाही. मशीन बंद करून आलास ना?”

“हो. अरे, मग काय चेष्टा लावलीयस?”

“बोलत राहा. काहीही बोल. फाटकापासून हलू नकोस.”

“तू बरा आहेस ना?”

अकरा चाळीस.

पलीकडे लांबून एकच धप्पकन आवाज आला. मग आरडाओरडा. धाकटा फोन टाकून पळाला.

बायकोने त्याचा दंड घट्ट धरला होता.

बऱ्याच वेळाने कुणीतरी फोन उचलला.

“दादा.” धाकट्याचाच आवाज. दप्तरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“लागलं का रे तुला?”

“मला काही नाही. जाळी तुटून पडलीय. मशीन आपोआप चाललं. जवळ कुणी नव्हतं.”

“सुटलास रे बाबा. आता घरी ये.”

पलीकडे लांबून फोरमनचं मोठ्याने आकडे मोजणं ऐकू येत होतं.

“अरे, बोल ना.”

“दादा, प्रेसखाली दोन बोटं सापडलीत. रक्त गरम आहे अजून.”

“कुणाची?”

“फोरमनने सगळ्यांना रांगेत हात वर करायला लावलेत. दोनदा मोजली. सगळ्यांची शाबूत आहेत.”