लामारच्या गाडीचे पाटे

रूलन पेक्टलची पिकअप गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा आर्डिस होलिओक हातातलं सँडविच तसंच धरून बाहेर आली आणि हसत सुटली. गाडी पुढून इतकी उंच होती की उतरताना रूलनला पायाने जमीन चाचपडावी लागली.

"घोडा विकून जिराफ आणलास की काय रे?"

"हस, हस तू. कॉलीन तर बसायलाच तयार नाही. म्हणते, नवऱ्याबरोबर गावात जायला शिडी लागेल, हे लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि चालवताना?"

"मी कुठला चालवतोय? तीच मला चालवते. खड्डा डावीकडे आला की ही उजवीकडे पळते. जरा वेग घेतला की बुडाखाली गिरणी सुरू होते. आणि प्रत्येक दगडावर धाडदिशी आवाज."

दोघंही साठी ओलांडलेली, जेरिको बेंडच्या एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेली. लग्नानंतरही आर्डिस माहेरच्याच घरी, माहेरच्याच आडनावाने राहिली. नवरा वारल्यावर ती गॅरेज विकेल असं गावाला वाटलं होतं. पण तो असतानाही गाडीखाली तीच असायची. तो बिचारा फोन घ्यायचा आणि गिऱ्हाइकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा.

तिने दिवा घेतला आणि गाडीखाली सरकली. बराच वेळ खालून नुसतं "अरे देवा" ऐकू येत राहिलं.

"हे कुणी केलंय?"

"पुढचं आधीच्या मालकाने. मागचं मी."

"तरीच."

पुढे आधीच उंच स्प्रिंगा, त्यांच्या डोक्यावर आणखी जाडजूड चकत्या. पण एक्सल मधोमध धरून ठेवणारा दांडा मूळचाच, आखूड. त्यामुळे अख्खा एक्सल एका अंगाला ओढला गेला होता आणि गाडी खेकड्यासारखी चालत होती. स्टिअरिंगचा दांडा इतका तिरपा झाला होता की चाक उचललं की आपसूक वळणार. मागे रूलनने एक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले होते. त्यामुळे मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडला, ती बुडाखालची गिरणी तीच. शॉकअप तर चारही ताणून टोकाला लटकलेले. पुढची अर्धी गाडी एकाची, मागची दुसऱ्याची, आणि दोघांची ओळख करून द्यायला कुणी नव्हतं.

तिने मागच्या पाट्यांवरचा लाल चिखल नखाने खरवडला. खाली हिरव्या रंगाचा ओघळ निघाला.

"रूलन, हे पाटे कुठले?"

रूलन छताकडे बघत राहिला. "बाबांच्या गाडीचे. कुरणात गंजत पडली होती ना. पण पाटे बघ, जसेच्या तसे. असं पोलाद आता मिळत नाही."

आर्डिस गाडीखालून लवकर बाहेर आली नाही.

रूलनच्या वडिलांची, लामार पेक्टलची, हिरवी गाडी खोऱ्यातल्या त्यांच्या वयाच्या प्रत्येक माणसाच्या अंगात मुरलेली होती. उन्हाळ्यात गवत कापून झालं की पाचच्या सुमाराला तिचा भोंगा वाजायचा. मग एकेका फाटकातून पोरं टॉवेल खांद्यावर टाकून धावत यायची आणि हौद्यात चढायची. हौद्याचा पत्रा इतका तापलेला असायचा की मांड्या भाजायच्या. सगळी मिळून ओरडायची, आणि कोपऱ्यात लामारने आणलेलं कलिंगड इकडून तिकडे गडगडत राहायचं. नदीच्या डोहावर अंधारायला लागेपर्यंत डुंबायचं, आणि परत येताना एकाच घोंगडीत शिरून, चिखलाच्या आणि लसूणघासाच्या वासात, अर्धवट झोपेत घरी. लामार कधी मागे वळून बघत नसे. त्याला बुडाखालून कळायचं. "वेल्डन चढला," तो म्हणायचा, कारण वेल्डन पोतं टाकल्यासारखा आदळायचा. माव्हिस चढायची, टॉवेल विसरला म्हणून उतरायची, पुन्हा चढायची. आणि आर्डिसची धाकटी बहीण नेड्रा नेहमी डाव्या कोपऱ्यातून अलगद चढे. "मांजर आली," लामार म्हणायचा.

नेड्रा नऊ वर्षांची असताना त्या गाडीतून डोहावर गेली आणि घरी आलीच नाही.

आर्डिस त्या संध्याकाळी आईबरोबर स्वयंपाकघरात जर्दाळू बरण्यांत भरत होती. मोठं पातेलं रटरटत होतं, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. रूलन मामाकडे गेलेला. वेल्डन आणि माव्हिस घोंगडीत झोपले होते. माव्हिस एकदा म्हणाली नेड्रा शेजारी होती, दुसऱ्या दिवशी म्हणाली नव्हती. नेड्राची एक चप्पल डोहाच्या काठावर सापडली. माणसांनी नदी कितीतरी मैल पालथी घातली. लामार मात्र शेरीफला, बिशपला, ज्याला त्याला एकच सांगत राहिला: "ती परतीच्या वेळी चढली. होलिओकांच्या फाटकाशी उतरली. मला कळलं. गाडी वर आली." कुणी विश्वास ठेवला नाही. बिशपने चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला, पण पुन्हा कुणी आपलं पोर त्याच्या हौद्यात चढवलं नाही. त्याने गाडी कुरणात नेऊन उभी केली. ती पुन्हा हलली नाही.

आर्डिसने काम मन लावून केलं. चकत्या काढल्या, पुढे लांब दांडा बसवून एक्सल मधोमध आणला, स्टिअरिंग सरळ केलं, ठोकळे फेकून दिले, शाफ्टचा कोन जुळवला, चारही शॉकअप नवे लांब घातले. पाटे बदलू का विचारलं तर रूलन म्हणाला, "राहू देत ना गं." तिने राहू दिले.

मग ती एकटीच गाडी घेऊन नदीच्या रस्त्याला निघाली. गाडी आता लोण्यासारखी चालत होती. वेल्डनच्या जुन्या घरापाशी कुणाची तरी गुरं आडवी होती म्हणून ती थांबली.

गाडी मागून धप्पकन बसली.

पाटे कुरकुरले आणि बसलेलेच राहिले. आर्डिस खाली उतरली. हौदा रिकामा. तिने चाक आणि वरचा पत्रा यांच्यात हात घालून पाहिला. गॅरेजमध्ये पूर्ण पंजा आरामात जात होता. आता बोटं अडकत होती.

गॅरेजपर्यंत येताना गाडी परत वर आली. तिने पाट्यांना रॉकेल लावलं, पुसलं आणि वर खडूची पूड लावली. बारीकशी चीर असली तरी काळी रेघ उमटते. एकही उमटली नाही. बुश बदलले. बोल्ट पुन्हा आवळले. हौद्यात सिमेंटची पोती टाकली, काढली. पाटे दरवेळी नेमके जागेवर. दुसऱ्या दिवशी वेल्डनच्या फाटकाशी गाडी पुन्हा बसली.

रूलन गाडी न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "एक दोष राहिलाय. मला सापडत नाही."

"वेल्डनच्या दाराशी?"

आर्डिसने पाना खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं माझ्याच डोक्याचे पाटे तुटले. म्हणून तर तुझ्याकडे आलो. म्हटलं, आर्डिस कारण काढेल." तो थोडा वेळ बूट घासत राहिला. "मी माव्हिसच्या घरापर्यंत गेलो होतो. तिथे बसली, उठली, पुन्हा बसली. तिथून परत फिरलो."

"टॉवेल," आर्डिस म्हणाली.

"माव्हिस जिवंत आहे गं. सॉल्ट लेकला नातवंडं सांभाळते. मी फोन करून पाहिला. वेल्डनला जाऊन इतकी वर्षं झाली. मग हे काय आहे? भुतं म्हणावं तर एक जण जिवंत."

"पुढे का नाही गेलास?"

"पुढे तुमचं फाटक," रूलन म्हणाला.

संध्याकाळी दोघंही निघाली. ऊन तिरपं झालं होतं, लाल कडे पेटल्यासारखे दिसत होते. वेल्डनच्या घराला दारं-खिडक्या उरल्या नव्हत्या, तरी तिथे गाडी बसली. माव्हिसच्या फाटकाशी बसली, उठली, बसली.  होलिओकांच्या फाटकाशी त्याने वेग कमी केला आणि आर्डिसकडे पाहिलं. ती समोर बघत होती. तिचंच फाटक, रोजचं; सकाळी तिनेच ते उघडून लावलं होतं.

मागचा डावा कोपरा जरासा खाली गेला. अगदी जरासा.

डोहावर पोहोचल्याबरोबर गाडी एकदम हलकी झाली. पाणी आटलं होतं, पण कॉटनवुडची झाडं तशीच, आणि दोरी बांधायची ती फांदीही तशीच. रूलनने रूट बिअरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. दोघंही गाडीपासून दूर, दगडावर बसली.

"इथून तू मला ढकललं होतंस," तो म्हणाला.

"तू घाबरट होतास."

"अजून आहे." त्याने बाटली हातात फिरवली. "मी बाबांना कधी विचारलंच नाही बघ. लोक बोलायचे ते ऐकायचो आणि घरी येऊन त्यांच्यासमोर जेवायला बसायचो. तेही काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बोलायला तोंड नाही म्हणून."

 आर्डिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. कड्यामागे सूर्य गेला. वारा पडला.

दोघंही गाडीत जाऊन बसली. रूलनने किल्ली फिरवली नाही.

धप्पकन एक वजन पडलं.

मग दुसरं. उतरलं, आणि परत चढलं.

मग बराच वेळ काहीच नाही.  आर्डिसला वाटलं, आता काही होणार नाही, आणि तिला हायसं वाटलं की रडू आलं ते तिलाच कळेना.

डावा कोपरा खाली गेला. मांजर आल्यासारखा.

"चढली," रूलन कुजबुजला.

"चालव."

तो सावकाश चालवू लागला. खड्डे चुकवत, वळणावर वेग अगदी कमी करत. मागे पोरं झोपली असली की चालवतात, तसं.

होलिओकांच्या फाटकाशी तो थांबला. इंजिन चालू होतं. 

कोपरा वर आला.

रूलनने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "खोटं बोलत नव्हते गं ते," तो म्हणाला, आणि म्हातारा माणूस रडतो तसा, आवाज न करता रडला.

आर्डिस फाटकाकडे बघत होती. फाटकापासून घरापर्यंतची वाट. पॉपलरची रांग, पाटाचं पाणी, लाकडाची खोपी. साऱ्या गावाने नदी धुंडाळली होती. ही वाट कुणी धुंडाळली नव्हती. इथे धुंडाळण्यासारखं होतंच काय? हाक मारली तर स्वयंपाकघरात ऐकू येईल, एवढीशी वाट. फक्त त्या संध्याकाळी पातेलं रटरटत होतं.

ती उतरली.

"मी येऊ बरोबर?"

"नको. मागे वेल्डन आणि माव्हिस आहेत. त्यांना सोड आधी."

रूलनने मान हलवली. आपण काय बोललो ते आर्डिसला फाटक लावल्यानंतर कळलं.

ती वाट चालू लागली. धावली नाही. मागे वळून पाहिलं नाही. पॉपलरची पानं हलत नव्हती. पाटाशी ती जरा हळू झाली, तिथे फळी अरुंद होती, दोघींना एकदम जाता येण्यासारखी नव्हती. ती पलीकडे जाऊन क्षणभर थांबली, आणि मग पुढे निघाली.

आई स्वयंपाकघरात होती. नव्वदी जवळ आलेली, डोळ्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा, पण शेगडीजवळून हटायची नाही. घेवड्याच्या शेंगा शिजत होत्या.

"गाडी कुणाची गं?"

"रूलनची."

"लामारच्या गाडीसारखी वाजते."

आर्डिसने खुर्ची ओढली.  आईने चमचा खाली ठेवला, तोंड वळवलं आणि कपाळाला आठी घातली, मुली डोहावरून आल्या की जेवायच्या वेळी घालायची तशीच.

"ओल्या केसांनी टेबलाशी बसू नकोस बाई," ती म्हणाली. "आधी पुसून घे."

आर्डिसने स्वतःच्या केसांना हात लावला. कोरडे होते, रस्त्याच्या धुळीने राठ झालेले.