चाकामागची पाचर

मिस्त्री अंबादासने निवडलेला, दोराने गाडी ओढणारा विंच कमी ताकदीचा होता, एवढंच भय्यासाहेबांना अपघाताच्या तपासणीला आलेल्या विभावरीच्या तोंडून हवं होतं. संगमरवराच्या कारखान्याचे ते मालक. परवा, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, दगड लादलेली गाडी चढावरच्या रुळांवरून मागे सुटली आणि मजूर नथ्थूचा पाय गेला. आज चारला पोलीस अंबादासला न्यायला येणार होते.

"गाडी बारा टन, विंच तीन टनाचा! सुटणार नाही तर काय?" भय्यासाहेब म्हणाले. "पूजा मी स्वतः मांडली. एकेक अवजार माझ्या हातांनी उचललं, कुंकू लावलं, कोणाला हात लावू दिला नाही. आणि त्याच दिवशी हे!"

सुमेधला हे लगेच पटलं. विभावरीच्या या सहायकाला काहीही लगेच पटत असे.

भय्यासाहेबांचा पुतण्या चिराग नजर चुकवत होता. "दीदी, मैंने तो कहा था, पंधरा टनाचा घ्या. आता नवा मागवला मी." दोन दिवसांत नवा विंचही मागवला? सुमेधचा संशय चाळवला.

अंबादास विंचपाशी बसला होता. तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात काढलेला माणूस, पण पार खचला होता.

"तीनच टन काहून?" विभावरीने विचारलं.

"गाडी उचलायची नाही जी, चाकांवर ओढायची. दहा फुटांत एक फूट चढ. घासणीसकट दीड टन ओढ लागते. ड्रमवर दोराचे थर चढले की ताकद घटते, तेही धरलं. पण विंचचा ब्रेक मीच सोडला. पूजेच्या दिवशी मशीनवर भार ठेवत नाही आम्ही. सकाळी चाकामागे पाचर लावली होती, तिच्या भरवशावर राहिलो."

"तेव्हा पाचर पाहिलीत?"

"मीच तर लावली होती!"

दोर शाबूत होता. रुळांशेजारी लोखंडी पाचर पडली होती. चाक टेकतं त्याच बाजूवर कुंकवाचं बोट स्वच्छ उमटलेलं होतं.

"चाक हिच्यावरून उडालं असणार," सुमेध म्हणाला.

"मग कुंकू पुसलं नसतं का?" विभावरीने सगळ्यांना बोलावलं.

"विंचने सकाळभर एकट्याने गाडी धरली. म्हणून तर पाचर सैल राहिली आणि हाताने निघाली. भार असता तर ती हललीही नसती. ती पूजेत मांडली गेली. अंबादासजींनी सवयीने ब्रेक सोडला आणि मागे काहीच नव्हतं. चिराग फक्त उतावळा आहे. अवजारांना हात एकाच माणसाचा लागला. अपघातानंतर पाचर पूजेच्या पाटावरून रुळांपाशी आणणाराही तोच. भय्यासाहेब, खरं ना?"

भय्यासाहेबांनी कबूल केलं. "नथ्थू ओरडला तेव्हा पाटावर पाचर दिसली. मी घाबरलो."

अंबादास विंचपासून उठून त्यांच्यासमोर आला.

"दोन दिवस मी नथ्थूच्या बायकोचे पाय धरून राहिलो. तुम्ही शेजारीच उभे होते, भय्यासाहेब."

फाटकाशी पोलिसांची जीप थांबली, तेव्हा भय्यासाहेब स्वतःच बाहेर गेले.