सत्तावीसपैकी शून्य

दर मंगळवारी यवतमाळहून एसटीने राळेगावजवळच्या एका दवाखान्यात जातो आणि फुकट बसतो. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टर उडवली. आता त्यांची उदासी मोजतो. काम सोपं आहे. नऊ प्रश्न. पंधरा दिवसांत किती वेळा उदास वाटलं, झोप लागली का, भूक होती का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सत्तावीस मिळवणारा पहिला येतो, पण त्याचा सत्कार होत नाही.

मार्चमध्ये वरून फर्मान आलं. महिनाअखेर निम्म्या पेशंटांचे गुण निम्म्यावर आलेले दिसले पाहिजेत, नाहीतर ही ओपीडी बंद. नर्स सत्यशीलाताई रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "ताई, सरकारला सुख पाह्यजे ना? देऊन टाकू." आणि पुढच्या मंगळवारचे फॉर्म तिथेच बसून भरून ठेवले. नेमक्या निम्म्यांचेच गुण उतरवले; जास्त सुखाचा संशय येतो.

मंगळवारी लोक आले. लाजेखातर मी प्रश्न विचारलेच. भीमराजचे अकरा लिहिले होते. उत्तरांची बेरीज अकराच आली. कांताबाईचे नऊ, नऊच. ओळीने चाळीस जण. योगायोग मी मानतो, पण तो इतका शिस्तीचा नसतो.

शेवटी तांड्यावरची बिजलीबाई आली. तिची सात वर्षांची रंजिता दिवाळीत साप चावून गेली होती. बाईचे गुण कायम तेवीस. तिला मी दयेपोटी शून्य लिहिलं होतं.

केस विंचरलेले, चेहरा शांत. तिचा नवरा रामलाल दारातच थांबला; आत येईना.

"बरं वाटते काय, बिजलीबाई?"

"लय बरं. भूक लागते, झोप लागते." तिने पिशवीतून लहानसा फ्रॉक काढला. "हा पेटीत सापडला. हे म्हणतात, मले पोरगी होती. सारा तांडा म्हणते. होती काय जी?"

"होती."

"मंग मले रडू काहून येत नाही?" तिने फ्रॉक टेबलावर ठेवला. "मागच्या मंगळवारी तुम्ही माहं नाव घेऊन लिहून राह्यलते, मी दारातून आयकलं. काय लिहिलं थे मिटवा, गुरुजी. पाया पडते. माही पोरगी मले वापस द्या. रडू द्या मले."

मी फॉर्म फाडला. नवा घेतला. तेवीस लिहिले.

पेन उचलायच्या आत ती खाली कोसळली. फ्रॉक तोंडाशी दाबून हंबरली. रामलाल धावत आत आला. रडता रडता तिने माझे पाय धरले. आभार मानत होती.

सत्यशीलाताईंनी पुन्हा मोजलं. निम्म्याला एक कमी.

"गेली ओपीडी, सर. हे लोक आता कुठं जातील?"

माझाही एक फॉर्म जानेवारीपासून फायलीत होता, डॉक्टरांनी हट्टाने भरून घेतलेला. एकवीस गुण. मी कोरा कागद ओढला आणि नऊ शून्यं काढली.

ओपीडी वाचली.

ते एकवीस कशाचे होते, आता आठवत नाही.

कालपासून ममता नावाच्या कुणी बाई फोन करतात. मला बाबा म्हणतात. "आईला जाऊन तीन महिने नाही झाले, बाबा, आन् तुम्ही विचारता कोणती आई?" मग बराच वेळ नुसत्या रडतात.

मी त्यांना मंगळवारी यायला सांगितलं आहे. त्यांचा फॉर्म भरून ठेवला आहे. नऊ शून्यं.